बिऱ्हाड

चि. सौ. मुग्धास,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, बहुतेक पुन्हा सामान बांधायचंय, डॅलसला." तेवढ्यात ईरा रडली आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. पाच वर्षांत ही तिसरी हलवाहलव. फोनवर मला नेमकं बोलायला सुचत नाही आणि तुलाही सवड नसते, म्हणून लिहायला बसले आहे. ईरा झोपली की वाच.

मी परत यायच्या आधी समीररावांनी आपल्याला मिनेसोटातल्या मंकेटोवरून वॉलनट ग्रोव्हला आणि पुढे साउथ डकोटातल्या डी स्मेटला नेलं होतं, आठवतंय ना? तू मागच्या सीटवर ईराला मांडीवर थोपटत होतीस, डोळ्यांत झोप होती तुझ्या. पाहण्यासारखं बरंचसं तुझं राहूनच गेलं. मी मात्र त्या कॅरोलाइन इंगल्सला मनात घेऊनच घरी आले. लोक तिथे जातात ते तिच्या मुलीसाठी, लॉरासाठी. लॉरानं म्हातारपणाकडे झुकताना आपल्या लहानपणावर पुस्तकं लिहिली आणि ती जगभर गेली. माझा जीव अडकला तो आईपाशी. इथे आल्यावर तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं. तेच तुला सांगायचंय.

कॅरोलाइन क्वायनर 1839 च्या डिसेंबरात विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीजवळ जन्मली. ती पाच-सहा वर्षांची असताना वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले. आईच्या पदरी लहान लहान मुलं. पुढे आईनं दुसरं लग्न केलं, संसार पुन्हा उभा केला. कॅरोलाइन शाळेत हुशार. त्या वयात तिनं 'घर' या विषयावर एक निबंध लिहिला होता, तो टिकून राहिलाय. आपलं घर, आईची माया, बहिणीचा जिव्हाळा सोडून बाहेरच्या वादळवाऱ्यात जायला कोण तयार होईल, असं तिनं त्यात विचारलंय आणि कोणीच नाही, असं उत्तरही स्वतःच दिलंय. पुढे ती शाळेत शिकवू लागली आणि 1 फेब्रुवारी 1860 ला चार्ल्स इंगल्सशी तिचं लग्न झालं. क्वायनरांची तीन भावंडं इंगल्सांच्या तीन भावंडांशी लग्न करून बसली होती, आपल्याकडे साटंलोटं करतात तसंच. माहेर-सासर असं एकमेकांत गुंतलेलं. हिला वाटलं असेल, आता आपण इथेच राहणार.

पण नवरा पडला भटक्या मनाचा. माणूस प्रेमळ, फिडल सुरेख वाजवायचा, अंगमेहनतीला कधी मागे हटला नाही. मात्र शेजारी दाटी झाली की त्याचा पाय घरात ठरायचा नाही. विस्कॉन्सिनमधून कॅन्सस, तिथून पुन्हा विस्कॉन्सिन, मग मिनेसोटा, आयोवा, परत मिनेसोटा आणि शेवटी डकोटा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. आणि दर ठिकाणी तिनं चूल नव्यानं मांडली.

कॅन्ससचं मला झाकून ठेवायचं नाही. 1869 मध्ये हे कुटुंब जिथे जाऊन राहिलं ती जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची होती, विकत घेतलेली नव्हे. कॅरी, तिची तिसरी मुलगी, तिथे जन्मली, ऑगस्ट 1870 मध्ये. घरातली सगळी हिवतापानं अंथरुणाला खिळली तेव्हा औषध दिलं ते जॉर्ज टॅन नावाच्या एका काळ्या डॉक्टरनं. ओसेजांना पुढे आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. कॅरोलाइनला त्या लोकांची भीती वाटायची आणि मनात तिटकाराही होता, हे लॉरानंच लिहून ठेवलंय. आपण मंकेटोला थांबलो होतो, जिथे 1862 मध्ये डकोटा या मूळनिवासी जमातीच्या 38 पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली. तिथे उभी असताना मला वाटत होतं, हिनं ज्या मातीवर इतक्यांदा घर मांडलं त्या मातीवरून आधी दुसऱ्या बायकांच्या चुली उठवल्या होत्या. हे तिला कधी कळलं असेल असं मला वाटत नाही. आपण मात्र विसरू नये.

वॉलनट ग्रोव्हला प्लम क्रीकच्या काठावर एक खळगा दाखवला होता, गवतानं भरलेला. तू गाडीतच होतीस. ओढ्याचा काठ कोरून केलेलं त्यांचं घर तिथे होतं. माती वर, माती खाली, पुढे एक दार. मी तो खळगा पावलांनी मोजला. आपल्या सांगलीच्या घरातलं माजघर त्याहून मोठं असेल.

तिथेच त्यांच्यावर टोळधाड आली. रॉकी पर्वताकडचे ते टोळ, आता त्यांची जातच पृथ्वीवर उरली नाही. पण त्या काळी आकाश काळं करत उतरायचे. उभा गहू गेला, अंडी जमिनीत राहिली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चार्ल्स कापणीचं काम शोधत पूर्वेला निघून गेला आणि ही मुलींना घेऊन मागे राहिली. 1 नोव्हेंबर 1875 ला तिला मुलगा झाला, चार्ल्स फ्रेडरिक, सगळे फ्रेडी म्हणायचे. त्याच वर्षाच्या अखेरीला चार्ल्सनं, आपल्याजवळ काहीएक साधन उरलेलं नाही, असं शपथेवर लिहून दिलं आणि सरकारी मदतीतून पिठाची दोन अर्धी पिंपं आणली. किंमत सव्वापाच डॉलर. घरात ओली बाळंतीण, आणि नवरा आपण कफल्लक आहोत यावर सही करून पीठ आणतोय! ईरा झाली तेव्हा मी तुला डिंकाचे लाडू करून घातले. त्या पिठाची पहिली भाकरी तिनं कशी खाल्ली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

फ्रेडी दहा महिन्यांचाही झाला नाही. आयोवाला जाताना वाटेत दिराच्या शेतावर थांबली होती ती, साउथ ट्रॉयजवळ. त्या घरातली जाऊ म्हणजे तिची सख्खी बहीण. तिथे 27 ऑगस्ट 1876 ला तो गेला. त्याची जागा आज कुणालाच दाखवता येत नाही. तिथे त्याला ठेवून बिऱ्हाड पुढे निघालं. आयोवातल्या बर ओकला एका हॉटेलात राहून दुसऱ्यांसाठी स्वयंपाकपाणी केलं. तिथे धाकटी ग्रेस झाली. तिथेच डॉक्टरच्या बायकोनं लॉराला दत्तक मागितलं. पदरात चार मुली, डोक्यावर कर्ज, आणि मागणारी खाऊनपिऊन सुखी. कॅरोलाइन म्हणाली, लॉरावाचून माझं चालणार नाही. एवढंच. पुढे घरभाडं फिटेना म्हणून रातोरात गाव सोडावं लागलं. लॉरानं मुलांसाठी लिहिलं तेव्हा फ्रेडी आणि बर ओक दोन्ही गाळलं. आईची सगळ्यांत वाईट दोन वर्षं होती ती. मला वाटतं, लेकीनं ती आईसाठीच झाकली.

मग 1879. मेरी, थोरली, चौदा वर्षांची, मोठ्या आजारातून उठली ती दृष्टी गमावूनच. पुष्कळ वर्षं लोक तांबड्या तापाला दोष देत. अलीकडे डॉक्टरांनी जुने कागद तपासून मेंदूच्या दाहाचा अंदाज बांधला आहे. त्याच वर्षी चार्ल्सला रेल्वेच्या कामावर डकोटात नोकरी मिळाली आणि गाडी पुन्हा पश्चिमेला निघाली. 1862 च्या कायद्यानं 160 एकर जमीन मिळायची, पाच वर्षं राहून कसली की आपली. डी स्मेट गाव त्यांच्यासमोर वसलं. 1880 च्या ऑक्टोबरातच हिमवादळं सुरू झाली, जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत आगगाडी आली नाही. जळण संपल्यावर वाळल्या गवताचे पीळ करून जाळले आणि कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात गहू दळले. आळीपाळीनं, दिवसभर. एवढं सगळं, आणि त्याच घरात त्या हिवाळ्यात मुक्कामाला आलेल्या एका तरुण पोरीचं बाळंतपणही झालं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते.

यानंतरही चार्ल्सचे डोळे पश्चिमेलाच होते. त्याला ओरेगॉनला जायचं होतं. आणि कॅरोलाइन नाही म्हणाली. आता इथून हलायचं नाही, मुलींची शाळा व्हायला हवी. वीस वर्षं जी गाडीत बसत आली ती बसली नाही. चार्ल्सनं ऐकलं, हेही सांगायला हवं. त्या नकारामुळे काय काय झालं ते बघ. 1881 मध्ये मेरी आयोवातल्या व्हिंटनला अंधांच्या शाळेत गेली, आईवडील दोघंही तिला आगगाडीनं पोचवायला गेले. 1889 मध्ये ती शिकून बाहेर पडली. लॉरा शिकली, शिक्षिका झाली, तिची कमाई मेरीच्या शिक्षणाला लागली. 1887 मध्ये चार्ल्सनं गावात स्वतःच्या हातांनी घर बांधलं. त्याच घरात तो 1902 मध्ये गेला. मागे कॅरोलाइन आणि मेरी, दोघी खोल्या भाड्यानं देऊन राहिल्या. मेरी हातांनी चाचपत घोड्यांवर घालायच्या माश्यांच्या जाळ्या विणायची. चाळिशीपर्यंत जिला घर टिकलं नाही, ती पुढची 45 वर्षं एका गावात राहिली. 20 एप्रिल 1924, ईस्टरचा रविवार, त्या दिवशी तिथेच गेली.

शेतावर चार्ल्सनं लावलेली कॉटनवूडची झाडं पाहिली ना आपण? पाच लावली होती, बायकोसाठी एक आणि चार मुलींसाठी चार. पानं सारखी सळसळत होती. ईरा वर बघत गप्प झाली होती.

मुग्धा, तुला आठवत असेल, तू नववीत होतीस आणि बाबांची लातूरला बदली झाली. तू म्हणालीस, आई, दहावीपर्यंत आपण दोघी इथेच राहू या ना. मी काय म्हणाले? "बाबांच्या जेवणाचे हाल होतील." झालं, आठ दिवसांत बांधाबांध. नव्या शाळेत तू सहा महिने शेवटच्या बाकावर एकटी बसायचीस. मधल्या सुट्टीत डबा न खाता परत आणायचीस, आणि मी तो डबा धुताना बघायचे आणि गप्प राहायचे. बाबा वाईट नव्हते गं. मी विचारलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, एक वर्ष खानावळीत काढलं असतं. मी विचारलंच नाही. सगळे मला सोशिक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. त्याची किंमत तू दिलीस. इतक्या वर्षांत हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझा कोर्स आता कुठे सुरू झालाय. तिथल्या दोघीतिघी मैत्रिणी ईराला ओळखतात. म्हणून खोकी आणण्याआधी समीररावांशी बस आणि बोल. त्यांना तुझ्या मनातलं कळू दे. ते समजून घेतील, माझी खात्री आहे. सगळं ऐकून-बोलून जावं असं ठरलं तर जा, मी डॅलसला येऊन स्वयंपाकघर लावून देईन. पण मुकाट्यानं जाऊ नकोस.

लॉरा वडिलांच्या शेवटच्या आजारात डी स्मेटला आली होती, ती मिसूरीला परत गेली. त्यानंतर आई गेली तोवर 22 वर्षं मायलेकींची भेट नाही. हे वाचलं त्या रात्री उठून मी पासपोर्टची तारीख बघितली. चार वर्षं अजून आहे. ऑक्टोबरची तिकिटं बाबा बघताहेत, कुठल्या गावची काढायची तेवढं तू कळव.

ईराचा दुसरा दात आला का? तिला मऊ मुगाची खिचडी दे, तूप घालून.

तुझी,
आई