फॉरमॅट मारण्याआधी

प्रिय सुहास,

तुझं पत्र काल मिळालं. कॉम्प्युटर काम करता करता निळा पडतो, आपोआप रीस्टार्ट होतो आणि आता तर विंडोज उघडायलाही तयार नाही, हे वाचून जीव खालीवर झाला. मशीनचं काय, ते कधी ना कधी बिघडतंच. पण तुझा प्रबंध त्यात आहे आणि काकूंच्या आवाजातली रेकॉर्डिंगही त्यातच आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. म्हणून सगळ्यात आधी एकच विनवणी: कोणी कितीही खात्रीने सांगो, फॉरमॅट मारू देऊ नकोस. फॉरमॅटने जातो तो फक्त सॉफ्टवेअरचा दोष. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) खराब असेल, डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) पुरेशी वीज देत नसेल, तर नवं विंडोजही तसंच कोसळेल आणि तोवर जुनं सगळं पुसलं गेलेलं असेल.

दुसरं म्हणजे, "बघू आता तरी होतोय का" म्हणून तो सारखा सुरू करू नकोस. डिस्क मरायला टेकली असेल तर दरवेळी तिच्यावर ताण येतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद कर आणि ती डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे दे, घरी काहीही करून बघू नकोस.

आवाज नसेल तर असं कर. दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर एका रिकाम्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून घे. आपला कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू कर. बूट मेनूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) बहुधा एफ12, एफ11 किंवा एफ8 ही कळ असते, सुरू होताना पडद्याच्या तळाशी लिहिलेलं दिसतं. तिथे इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचा पर्याय असतो, तोच घे. मग तुझी डिस्क उघडून आधी रेकॉर्डिंग, मग प्रबंध, मग बाकीचं, या क्रमाने बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर. डिस्क रीड-ओन्ली उघडली तर घाबरू नकोस, आपल्याला तिच्यातलं फक्त वाचायचं आहे. बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 आकडी रिकव्हरी की मागितली तर ती बहुतेक तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल, फोनवरून लॉग इन करून बघ.

या एकाच कामातून डेटा वाचतोच, शिवाय दोष कुठे आहे तेही बरंचसं कळतं, म्हणून मी यावर इतका भर देतोय. उबुंटू तासन् तास नीट चाललं, तर संशय विंडोजवर किंवा डिस्कवर. तेही मध्येच गोठलं किंवा मशीन बंद पडलं, तर विंडोज निर्दोष आहे, खोट हार्डवेअरमध्येच आहे. उबुंटूतच 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) बघ. हार्ड डिस्क असेल तर रीअलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या आणि संशयास्पद जागा) या दोन ओळी महत्त्वाच्या. तिथे शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलायचीच.

कॉपी पूर्ण झाल्यावरच कॅबिनेट उघड. वायर भिंतीतून काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालव. माझा पहिला संशय रॅमवर आहे, कारण तू लिहिलंयस की निळ्या पडद्यावर दरवेळी वेगळाच कोड येतो. वेगवेगळे कोड, कधी या प्रोग्रॅममध्ये तर कधी त्या, हे रॅमचं जुनं लक्षण. रॅमच्या पट्टीच्या टोकाची खिटी बाहेर ढकलली की पट्टी वर उचलली जाते. कडा धरून बाहेर काढ, सोनेरी दातांना बोट लावू नकोस. स्लॉटमधली धूळ हवेच्या छोट्या पंपाने काढ, तोंडाने फुंकू नकोस, ओलावा जातो. परत बसवताना पट्टीतली खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आली पाहिजे. मग दोन्ही टोकांवर सारखा दाब दे. खिटी 'कट्' आवाज करून आपोआप मिटली तरच पट्टी बसली असं समज. कित्येक मशीनं एवढ्यानेच सुरू होतात.

झालं नाही तर एका वेळी एकच पट्टी लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालू ठेव. एक जरी एरर आली तरी ती पट्टी बाद, "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही. पण त्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डच्या सेटिंगचा पडदा) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग, चालू असेल तर बंद कर. कधीकधी रॅम चांगली असते, तिला झेपत नाही तो वेग.

बायोसमध्ये गेलास की तारीख-वेळही बघ. ती फार मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलाय. सेल संपला की बायोसचं सेटिंग मूळपदावर जाऊ शकतं आणि डिस्कचा मोड बदलला तर धडधाकट विंडोजही बूट होत नाही. तिथेच सीपीयूचं (मुख्य प्रोसेसरचं) तापमान दिसेल. काही काम नसताना ते चढतच गेलं, तर पंखा आणि हीटसिंक (सीपीयूची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) साफ कर.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर 41' दिसलं की लोक लगेच एसएमपीएस बदलतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेलं, कारण सांगत नाही. गेम किंवा व्हिडिओच्या जड कामातच बंद पडत असेल, तर मात्र एसएमपीएसचा संशय घे आणि कोणाचा तरी चांगला लावून बघ. तो डबा स्वतः उघडू नकोस, वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

हे सगळं ठीक निघालं, तरच विंडोजकडे वळायचं. बूट लागोपाठ फसलं की रिकव्हरीचा पडदा आपोआप येतो. तिथून सेफ मोड (फक्त अत्यावश्यक गोष्टींनिशी विंडोज सुरू करायची पद्धत) घे. सेफ मोडमध्ये टिकलं तर बहुधा एखादा ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा नवं अपडेट नडतंय, ते काढून टाक. एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिहून ठेव. चार गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू होईलही, पण कशाने झालं ते कळणार नाही आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

निळ्या पडद्याचे फोटो काढून मला पाठव, खालचा स्टॉप कोड वाचता येईल असे. पेनड्राइव्ह बनवायला जमलं नाही तर कळव, मी तयार करून पाठवतो. आणि रेकॉर्डिंग कॉपी झाली की ती उघडून, नीट ऐकून, मगच मला कळव. तोपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद