मराठवाड्याचा हिशेब वेगळा मांडा : वित्त व नियोजन मंत्र्यांना खुले पत्र

दिनांक : 20 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. वित्त व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठवाड्याच्या अर्थव्यवस्थेचा स्वतंत्र वार्षिक ताळेबंद विधिमंडळापुढे ठेवण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

येत्या अर्थसंकल्पाची तयारी आपल्या विभागात आता सुरू झाली असेल, म्हणूनच हे पत्र मार्चमध्ये न लिहिता आज लिहीत आहे. राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट शासनाने जाहीर केलेले आहे, आणि त्यासाठी जिल्हानिहाय विकास आराखडेही तयार झाले आहेत. त्या उद्दिष्टाला माझा विरोध नाही. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येपैकी सहावा हिस्सा, म्हणजे 1 कोटी 87 लाख माणसे, ज्या आठ जिल्ह्यांत राहतात, तेथील वाढ नेमकी कोणाच्या पदरात पडते हे आजच्या आकडेवारीवरून कळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मराठवाड्यात काहीच घडलेले नाही, असे मी मुळीच म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकात वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लघुउद्योजकांची एक पिढी उभी राहिली. शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी, जालन्याचे पोलाद आणि बियाण्यांचे उद्योग, यंदा 5 जूनला पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, टोयोटा-किर्लोस्करने बिडकीनसाठी केलेला सुमारे 20 हजार कोटींचा करार या सर्व गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे श्रेय ज्यांना द्यायचे त्यांना द्यावे. मात्र हे सारे छत्रपती संभाजीनगर आणि जालना या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यात घडते आहे. उदगीर किंवा देगलूरच्या तरुणाला आजही बिडकीनपेक्षा हैदराबाद जवळ पडते, आणि तो तिकडेच जातो. विभागाची सरासरी काढली की वाळूजची मोटारसायकल आणि हिंगोलीचे कोरडवाहू रान एकाच रकान्यात बसते, आणि मग वाळूजच्या जोरावर हिंगोलीचीही प्रगती झाल्यासारखी दिसते.

उरलेल्या सहा जिल्ह्यांपैकी बहुतेकांची अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल, तर सोयाबीनकडे पाहावे लागेल. लातूरच्या बाजार समितीत या दिवसांत ढिगांच्या रांगा लागतात. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, ओलावा मोजण्याच्या यंत्रात थोडे टाकतो आणि भाव बोलतो. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत शेंगा पाण्यात राहिल्याने डागी माल फार आहे, त्यामुळे भाव आणखी खाली येतो. हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये असला, तरी हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, पडते, तिच्यावर त्याहून शेकड्यांनी कमी रक्कम असते. सरकारी खरेदी केंद्रावर न्यावे, तर आधी नोंदणी, मग संदेशाची वाट, आणि गेल्या वर्षी तर बारदाना संपल्यामुळे केंद्रेच थांबली होती. हार्वेस्टरवाल्याचे आणि कृषी सेवा केंद्राचे देणे मात्र थांबत नाही, म्हणून माणूस मिळेल त्या भावाला माल घालतो.

महोदय, येथे आकडेवारीचा एक गुंता आहे, ज्याकडे आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. 2024-25 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत कृषी व संलग्न क्षेत्राची वाढ 8.7 टक्के अंदाजली होती. विकासदर स्थिर किमतींवर मोजला जातो; म्हणजे पाऊस बरा झाला, पोती वाढली, की वाढ झाली. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात ते त्याच्या पुष्कळ खाली विकले जात होते. पोती वाढली आणि पैसे वाढले नाहीत, ही लातूर-धाराशिवच्या कोणत्याही आडतीवर सहज दिसणारी गोष्ट त्या 8.7 टक्क्यांत मावत नाही. शिवाय हा भाव आपल्या हातात नाही, आणि तो पुरता केंद्राच्या हातातही नाही. सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्के, बाकी सगळी पेंड. पेंडीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, तर तेलाचा आयात शुल्कावर. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क वीस टक्के केले आणि मे 2025 मध्ये ते दहावर आणले. असा एक निर्णय विभागातील लाखो कुटुंबांच्या वर्षभराच्या कमाईला धक्का देऊ शकतो. परंतु असा धक्का बसल्याची नोंद विभागाच्या कोणत्याही शासकीय हिशेबात होत नाही.

ऊसतोडीचेही असेच आहे. दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांच्या सहा महिन्यांच्या कष्टाची भर ज्या जिल्ह्यात ऊस तुटतो तेथील उत्पन्नात पडते, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे व शाळकरी मुले मात्र बीडच्या दरडोई उत्पन्नाच्या भाजकात मोजली जातात.

आता शासनाच्या प्रयत्नांविषयी. ऑक्टोबर 2016 मध्ये संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि सुमारे 49 हजार कोटींचे कार्यक्रम जाहीर झाले. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी सांगतेला, सप्टेंबर 2023 मध्ये, पुन्हा बैठक झाली आणि सिंचनाच्या सुधारित मान्यतांसह आकडा 59 हजार कोटींच्या घरात गेला. यांपैकी नियमित योजनांतलेच पैसे किती होते, नवे किती, प्रत्यक्ष वितरित किती झाले आणि खर्च कशावर पडले, हे एका ठिकाणी वाचायला मिळेल असा कागद माझ्या पाहण्यात नाही. (मिळाल्यास हे पत्र अर्धे मागे घ्यायला मी तयार आहे.) अशा घोषणांचे पुढे काय होते याची शंका लोकांना उगाच येत नाही: अहिल्यानगर-बीड-परळी हा रेल्वेमार्ग तीन दशकांपूर्वी मंजूर झाला आणि बीडला पहिली गाडी आली ती यंदाच्या 17 सप्टेंबरला.

दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातील तूट, 3,186 कोटी रुपये ठरवला, तेव्हा त्यातील मराठवाड्याचा वाटा 750 कोटींचा होता. त्या पद्धतीवर आक्षेप घेता येतात, केळकर समितीने 2013 मध्ये वेगळी मांडणी केलीही. परंतु एक आकडा समोर होता आणि त्यावर भांडता येत होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) खाली 1994 मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या विभागांसाठी वैधानिक विकास मंडळे आली. या मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. 30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला, त्यालाही तीन वर्षे झाली. मंडळे पुन्हा कधी येतील ते दिल्लीवर अवलंबून आहे, हे मान्य. तसा वार्षिक अहवाल, म्हणजेच मी मागतो आहे तो ताळेबंद, मात्र आपल्या विभागाला आजही काढता येईल. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

या ताळेबंदात वाळूज-शेंद्रा-जालना पट्टा वेगळा काढावा आणि उरलेला मराठवाडा तालुकानिहाय मांडावा. प्रत्येक जिल्ह्यात बँकांकडे ठेवी किती जमल्या आणि त्यांतून कर्ज किती तेथेच दिले गेले, हमीभावाने एकूण उत्पादनाच्या किती टक्के सोयाबीन, तूर व कापूस खरेदी झाला, 2016 आणि 2023 च्या घोषणांपैकी कोणते काम कोणत्या टप्प्यावर आहे, हे त्यात असावे. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याचे भूमिपूजन मार्च 2018 मध्ये झाले. त्याला माल पुरवणारे स्थानिक उद्योग किती उभे राहिले, याचीही नोंद हवी, कारण वाळूजला रोजगार मुख्यतः तशाच उद्योगांनी दिला. तसेच 7 ऑक्टोबरला जाहीर झालेल्या 31,628 कोटींच्या अतिवृष्टी मदतीतून मराठवाड्यात खरडून गेलेल्या जमिनींसाठी किती रक्कम पोहोचली, तेही यावे. ज्या रानातली मातीच वाहून गेली त्याचे उत्पन्न एका हंगामात परत येत नसते.

ही बहुतेक माहिती जिल्हाधिकारी कार्यालये, अग्रणी बँका आणि पणन विभाग यांच्याकडे आहेच. ती एकत्र आणण्याचे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे सोपवता येईल. मार्चमधील अधिवेशनात आर्थिक पाहणीसोबत हा ताळेबंद सभागृहापुढे ठेवण्याचे आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

कळावे,

आपला,
अर्थशास्त्राचा एक अध्यापक, लातूर