जयबाला भूत म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कोकणातले झपाटलेले किल्ले’ हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचून वाईट वाटलं. त्यात ‘बळी दिलेल्याचा आत्मा रात्री बुरुजावर फिरतो’ एवढ्या एका ओळीत जयगडच्या जयबाची बोळवण केली आहे.

माझं बालपण शास्त्री नदीच्या मुखापाशी, जयगडच्या खाडीकाठी गेलं. तिथे सांगितली जाते ती गोष्ट वेगळी आहे. विजापूरकरांच्या काळात किल्ल्याचं काम सुरू झालं, पण तट काही उभा राहीना. दिवसा रचलेले चिरे रात्रीत ढासळायचे. माणसाचा बळी दिल्याखेरीज गड उभा राहणार नाही असं ठरलं, तेव्हा जयबा नावाचा तरुण आपणहून पुढे झाला. गडाला माझं नाव द्या, एवढंच त्याने मागितलं. किल्ल्यात आजही त्याचं लहानसं देऊळ आहे. ही दंतकथा आहे, हे मलाही कळतं. पण माझी आजी त्या देवळाशी आली की वहाणा लांब काढून ठेवायची, उंबऱ्याशी नारळ ठेवायची आणि ‘जयबा, पोरांना घेऊन आलेय रे’ असं सांगायची. घरातल्या थोरल्याला सांगावं तसं. आम्हा पोरांना त्या देवळाची भीती कधीच वाटली नाही.

कोकणात वेताळाचंही तेच आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्यामुळे त्या झिजतात, ही लोकांची श्रद्धा. देवचार हा राखणदारही वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो असंच जुनी माणसं सांगतात. भीती घालणारी भुतं आमच्याकडे नाहीत असं नाही. तिन्हीसांजेला खाडीवर जाऊ नका, गिऱ्हा ओढून नेईल, हे आम्हीही ऐकलं. भरतीच्या पाण्यापासून पोरं लांब राहावीत म्हणूनच ते होतं, हे मोठेपणी कळलं. कोण राखणारा आणि कोण ओढणारा, हा फरक गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतो. ‘झपाटलेला’ या एका शब्दाने तो पुसला जातो.

आणि नुकसान काही शब्दांपुरतं नाही. गेल्या थंडीत सकाळी गडावर गेलो तर देवळाच्या पायरीवर मेणाचे ओघळ, कुंकू लावलेली लिंबं आणि फुटलेल्या बाटल्या. रात्री कोणीतरी भुताचा व्हिडिओ करून गेलं होतं. देवळामागच्या तटाचा एक चिराही उपसून टाकलेला. जांभ्याचा तट आहे, पिंपळाच्या मुळ्यांनी आधीच खिळखिळा झालाय. त्यातला एक दगड निघाला की पुढच्या पावसात वरचे चार खाली येतात.

शिवाय जिवाची गोष्ट आहे. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा विषारी साप किती, हे इथल्या कोणालाही विचारा. हातभर लांबीचं, दगडाच्याच रंगाचं, अंधारात पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. गवतात लपलेली टाकी आणि खंदक वेगळेच. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याखालच्या संरक्षित स्मारकांत सहसा सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, हेही लेखात कुठे नाही. उलट ‘खरा अनुभव रात्रीच’ असं छापलंय.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत जयबाची गोष्ट पूर्ण छापावी, आणि ती गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून छापावी. आमच्या वाडीत ती नीट सांगणाऱ्या दोनच बायका उरल्या आहेत. दोघींनी ऐंशी ओलांडली आहे, आणि त्यातल्या एकीला आता कमी ऐकू येतं. तुमचा वार्ताहर येणार असेल तर मी स्वतः त्याला त्यांच्या ओटीवर घेऊन जाईन. फक्त शिमग्याच्या आधी यावं.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी