पासपोर्ट ज्याचा त्याच्या हाती असू दे

अमळनेर, जि. जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी मजुरांचे पासपोर्ट कचेरीत जमा करावेच लागतात आणि काम झाल्यावरही ते तिथेच राहिलेले बरे, असे तू लिहितोस. कॅम्पातल्या एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात, वस्तू इकडच्या तिकडे होतात आणि एकदा पासपोर्ट हरवला की दूतावासाच्या खेपांमध्ये मजुराचाच रोज बुडतो, हे कारण तू त्यासाठी देतोस. वेल्डर म्हणून कतारमध्ये दोह्याला गेलेला तू आज फोरमन आहेस आणि त्या खोल्यांत स्वतः राहिलेला आहेस, त्यामुळे तुझे म्हणणे मी हलक्याने घेत नाही. तरीही ते मला पटलेले नाही, आणि का पटले नाही ते आडपडदा न ठेवता लिहितो.

आपल्या गावच्या त्या मुलाचे वडील श्रावणात गेले, हे तुला ठाऊक आहेच. निरोप पोहोचला तेव्हा त्याचा पासपोर्ट नूतनीकरणाच्या नावाखाली तुमच्या कचेरीत होता, आणि ज्या कारकुनाकडे कपाटाची किल्ली होती त्याने "काम चालू आहे, थांब" एवढेच उत्तर दिले. अग्नी धाकट्या भावाने दिला. दशक्रिया झाली, तेरावे झाले, तरी मोठा मुलगा आला नाही. त्याचे निवास परवान्याचे नवे कार्ड येऊनही आता बरेच महिने लोटले, पण पासपोर्ट अजून कपाटातच आहे. त्याची आई माझ्या सेवा केंद्रात येऊन बसते आणि "मना आंडोर कव्हय यी, भाऊ?" म्हणजे माझा मुलगा कधी येईल, असे विचारते. त्या मुलाचा पासपोर्टचा अर्ज मीच भरून दिला होता, म्हणून उत्तर माझ्याकडेच असेल असे तिला वाटते.

व्हिसाच्या किंवा परवान्याच्या कामासाठी पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. मुंबईच्या एजंटाकडे तो व्हिसासाठी द्यावा लागतो, तिकडे उतरल्यावर वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे होईपर्यंत कंपनीच्या माणसाला तो लागतो, आणि यात गैर काहीच नाही. परंतु ज्या कामासाठी तो दिला ते काम संपले की तो हाती ठेवण्याचा अधिकारही संपतो. तुमच्याकडचा कायदाही हेच सांगतो. कतारच्या २०१५ च्या २१ क्रमांकाच्या कायद्यातील आठव्या कलमानुसार, निवास परवान्याचे किंवा त्याच्या नूतनीकरणाचे काम पूर्ण होताच मालकाने पासपोर्ट कामगाराला परत केला पाहिजे, आणि तसे न केल्यास २५,००० रियालपर्यंत दंड होऊ शकतो. आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आणून देतो. परवान्याचा शिक्का २०१५ पासून पासपोर्टवर बसतच नाही, त्याऐवजी वेगळे कार्ड मिळते. मग कार्ड हातात पडल्यानंतर पासपोर्ट कचेरीत कोणत्या कामासाठी पडून आहे, हे तुमच्या व्यवस्थापकाने मला एकदा समजावून सांगावे.

त्या कलमात एक सवलत आहे आणि तुमची कंपनी तिच्याच आडोशाने उभी आहे, हे मी जाणतो. कामगाराने स्वतः लेखी विनंती केली, तर मालकाला पासपोर्ट सांभाळता येतो. तू लिहितोस की सगळ्यांच्या सह्या फायलीत आहेत. त्या सह्या कशा झाल्या हे तूच मला मागे सांगितले होतेस. विमानातून उतरल्यावर पहिल्याच दिवशी अरबी आणि इंग्रजी कागदांचा गठ्ठा पुढे येतो, नववी नापास मुलगा बोट दाखवतील तिथे सही करतो आणि त्या गठ्ठ्यातच हाही कागद असतो. त्याला विनंती कसे म्हणावे? आणि घटकाभर ती विनंती खरी धरली, तरी मागितल्यावर पासपोर्ट परत द्यायलाच हवा. वडील गेल्यावर त्या मुलाने तो मागितला होता.

या साऱ्यात मला सर्वांत अधिक खुपते ते वेगळेच. कामगाराला मालकाशी बांधून ठेवणाऱ्या कफाला पद्धतीत देश सोडण्यासाठी मालकाचा परवाना लागत असे. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी ती अट काढली आणि २०२० च्या जानेवारीत घरकामगारांनाही त्यातून मोकळे केले. आमच्या भागातल्या किती घरांत त्या बातमीने बरे वाटले असेल! पण ज्याचा पासपोर्ट कपाटात आहे त्याला तो बदल कागदावरच मिळाला. कायद्याने मालकाच्या हातून जो अधिकार काढून घेतला तो कपाटाच्या किल्लीने पुन्हा त्याच्याच हातात आणून ठेवला आहे. दूतावास अडचणीत आपत्कालीन दाखला देतो हे खरे, परंतु तो फक्त भारतात परतण्यापुरता असतो. त्यावर आलेला माणूस वडिलांचे दिवस उरकून त्याच नोकरीवर सहज परत जाऊ शकत नाही, आणि डोक्यावर कर्ज असलेला मुलगा तो मार्ग धरीत नाही.

कर्जाचे मी मुद्दाम लिहितो, कारण त्याशिवाय कपाटाची ताकद कळत नाही. आपल्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, याहून अधिक सेवाशुल्क घ्यायचे नाही. प्रत्यक्षात काय घेतले जाते हे तुला सांगायला नको. कोणाच्या घरी कापूस विकून आलेले पैसे जातात, कोणी आईची पोत गहाण ठेवतो, कोणी सावकाराकडून व्याजाने काढतो. पैसे भरेपर्यंत एजंट पासपोर्ट देत नाही आणि पोहोचल्यावर कंपनी देत नाही, म्हणजे मुलाने नोकरीसाठी घराबाहेर पाऊल टाकल्या दिवसापासून त्याची ओळख दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशात असते. धुळे-नंदुरबारकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उचल फिटेपर्यंत त्यांना फडावरून हलता येत नाही, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला तो अशाच बांधिलकीसाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची जी ११ लक्षणे सांगितली आहेत, त्यांत कर्जाची बांधिलकीही आहे आणि ओळखीची कागदपत्रे अडकवून ठेवणेही आहे. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा त्या संघटनेचा १९३० चा करार भारताने १९५४ मध्येच स्वीकारलेला आहे, आणि कतारनेही तो स्वीकारला आहे.

पासपोर्ट मुळात आहे तरी कोणाचा, हेही एकदा पाहा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे तो कायम भारत सरकारची मालमत्ता असतो. ज्याच्या नावाचा आहे त्याच्याकडे तो सांभाळायला दिलेला असतो. सुरेश नंदा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला की पोलिसांना पासपोर्ट ताब्यात घेता येतो, परंतु तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्यालाच आहे, फौजदारी न्यायालयालाही नाही. जे आपल्याकडे पोलिसांना आणि न्यायाधीशांना करता येत नाही ते परक्या देशातल्या कंपनीचा कारकून करतो आहे.

सुरक्षिततेचा तुझा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्यावर उपाय तुमच्याच शहरात झालेला आहे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाची बांधकामे चालू असताना तिथल्या आयोजन समितीने कामगार कल्याणाची जी मानके घालून दिली, त्यांत पासपोर्ट कामगाराच्याच ताब्यात असावा आणि तो ठेवायला त्याला सुरक्षित जागा द्यावी, अशी अट होती. प्रत्येक खाटेमागे कुलपाचा एक लहान कप्पा आणि त्याची किल्ली त्या मुलाच्या गळ्यात, एवढ्यानेच तुझी निम्मी काळजी मिटेल. तुमच्या कंपनीला हा खर्च जड जाईल असे मला वाटत नाही.

मी तुझ्याकडून काय अपेक्षा करतो ते आता स्पष्ट लिहितो. सर्वांत आधी त्या मुलाचा पासपोर्ट त्याच्या हातात दे, यासाठी कोणत्याही नव्या धोरणाची वाट पाहू नकोस. पुढे ज्या मुलांचे पासपोर्ट घ्यावे लागतील त्यांची एका वहीत नोंद ठेव, कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या कामासाठी घेतला आणि परत कधी दिला ते लिही आणि त्याची एक प्रत त्या मुलाला दे. व्यवस्थापकाशी बोलताना माणुसकीचे बोलणे चालले नाही तर दंडाचा आकडा सांग. तुझ्या नोकरीला धोका आहे याची मला जाणीव आहे. वहिनींना आणि मुलांना त्यात ओढून मी तुला शूरपणा शिकवणार नाही. म्हणून सुरुवातीला मालकाशी भांडू नकोस, फक्त ज्यांचे काम पूर्ण झाले आहे त्यांची यादी पुढे ठेव. तेवढेही ऐकले गेले नाही, तर त्या मुलाने दूतावासात जावे, आणि मी इथून त्याच्या आईच्या नावाने 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवीन. ते पोर्टल परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये अशाच तक्रारींसाठी काढले आहे. तक्रारीत तुझे नाव येणार नाही.

आणि एक प्रश्न, जो तुझ्या पत्रात मला कुठेच दिसला नाही. तुझा स्वतःचा पासपोर्ट कुठे आहे? तोही त्याच कपाटात असेल तर या पत्रातले प्रत्येक वाक्य तुझ्यासाठीही आहे असे समज.

इकडे मी माझ्या परीने एवढेच करतो की, अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची छायाप्रत घरी ठेवायला सांगतो, एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासून देतो, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठवायला सांगतो. दहावी न झालेल्यांना आखातात जाण्यासाठी सरकारची वेगळी मंजुरी लागते, हे अजून अनेकांना ठाऊक नसते. पर्यटन व्हिसावर पाठवणारे एजंट त्याचाच फायदा घेतात. परवा पारोळ्याकडची दोन मुले अशा एजंटाकडून परत फिरली, याचे मला समाधान वाटले.

पासपोर्ट त्या मुलाला मिळाला की मला त्याच दिवशी कळव. त्याची आई अक्षय्य तृतीयेला आखाजीची पितरे जेवू घालणार आहे, आणि तेव्हा तरी मोठ्या मुलाच्या हातून घागर भरली जावी अशी तिची इच्छा आहे. सुट्टीचा अर्ज त्याने आताच दिला तर तिकीट स्वस्त मिळेल, तेही त्याला सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच बालमित्र