युकुलेले घरी घडवता येईल

महोदय,

खानापूर, बेळगाव, निपाणी परिसरातील ज्या घरांत सुतारकामाची हत्यारे आहेत, तेथील तरुणांनी युकुलेले हे चार तारांचे छोटे वाद्य स्वतः घडवून पाहावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. १८७९ मध्ये मदेराहून हवाईत गेलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांच्या वाद्यांतून ते आकाराला आले. तिकडे कोआचे लाकूड वापरतात. आपल्याकडे फणस आहे, आणि वीणेसाठी ते पूर्वापार वापरले जाते.

खरी कसोटी जाडीची आहे. वरची फळी टिचकी मारून नाद ऐकत, रंध्याने सुमारे २ मिलिमीटरपर्यंत उतरवावी लागते. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर सावकाश वाकवाव्यात. घाई केली की त्या मोडतात. पडदे, म्हणजे सूर ठरवणाऱ्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, मात्र अंदाजाने बसवू नयेत. घोडीपर्यंत (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागून पुढच्या पडद्याचे अंतर काढावे, म्हणजे ३४५ मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा सुमारे १९.४ मिलिमीटरवर आणि बारावा नेमका मध्यावर येतो. आपल्या भागातील पाऊस पाहता फळ्या चिकटवण्याचे काम दिवाळीनंतरच करावे, कारण दमट हवेत फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसून चिरते.

सतार-तंबोऱ्यांसाठी नावाजलेले मिरज आपल्याला जवळ आहे. सीमाभागातील मराठी शाळा व वाचनालयांनी तेथील कारागिरांना बोलावून सुट्टीत कार्यशाळा भरवाव्यात आणि आपल्या दैनिकाने त्यांना प्रसिद्धी द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, खानापूर