ॲल्युमिनियमच्या भुकटीत धातूची काच

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मी काय काम करते ते फोनवर धड सांगून होत नाही, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

ॲल्युमिनियम हलकं असतं, पण मऊ. वजन फारसं न वाढवता ते कणखर करायचं तर त्यात कठीण कण मिसळतात, बहुतेकदा सिलिकॉन कार्बाइडचे. अडचण अशी की तापल्यावर ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडच्या जवळजवळ पाचपट प्रसरण पावतं. मग निवताना दोघांच्या सांध्यावर ताण बसतो आणि पुढे तडा तिथूनच जातो. धातूच्या काचेत आणि ॲल्युमिनियममध्ये ही तफावत बरीच कमी आहे, म्हणून आम्ही त्या कणांऐवजी ही काच मिसळतो.

ही काच म्हणजे इतक्या झपाट्याने थंड केलेला मिश्रधातू, की अणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही. 1960 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात पोल दुवे यांच्या गटाने सोनं आणि सिलिकॉनची अशी काच पहिल्यांदा केली. साधा मिश्रधातू एक टक्काही न ताणता कायमचा वाकतो. ही काच सुमारे 2 टक्के ताणली तरी सोडल्यावर मूळ आकारात येते.

खरी गोम तापमानात आहे. झिर्कोनियम या धातूच्या बऱ्याच काचा 400 अंश सेल्सिअसच्या आसपास मेणासारख्या मऊ पडतात आणि आणखी 50-60 अंश चढले की त्यांचे स्फटिक होऊन त्या ठिसूळ बनतात. आमचं सगळं काम या चिंचोळ्या पट्ट्यात. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, म्हणजे ओतकाम केलं तर काच उरणारच नाही. म्हणून दोन्हींची भुकटी घेऊन दाबायची. त्या तापमानाला दोन्ही मऊ असतात, त्यामुळे मधल्या पोकळ्या भरून निघतात.

प्रमाण आकारमानावर ठरवतात आणि नवखे इथेच चुकतात. काच 15 टक्के हवी, तर 100 ग्रॅम मिश्रणात ती 30 ग्रॅम लागते, कारण तिची घनता घन सेंटीमीटरला 6.6 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची 2.7. वजनाने 15 टक्के घातली, तर आकारमानात ती सात टक्केसुद्धा भरत नाही. काचेचे कण ॲल्युमिनियमच्या कणांपेक्षा फार बारीक असले, की ते मधल्या फटींत गोळा होतात आणि त्या गाठी नंतर फुटतात. मिसळायला बॉल मिल, म्हणजे आत कठीण गोळे असलेलं फिरतं भांडं, त्यात हवेऐवजी आर्गॉन वायू, वेग कमी, मध्ये मध्ये थांबा. जोरात फिरवलं तर मऊ ॲल्युमिनियम गोळ्यांना आणि भांड्याला थापलं जातं.

आई, ही भुकटी हवेत उडाली तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो, हे खरं आहे. म्हणून भांडी अर्थिंगला जोडलेली असतात आणि आग लागली तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. हे नियम आम्ही काटेकोर पाळतो, तू निश्चिंत राहा.

मग 300 अंशांना निर्वातात काही तास ठेवून भुकटीतली ओल काढायची. ही पायरी गाळली तर अडकलेला वायू पुढे तापवताना फोड आणतो. त्यानंतर साधारण 420 अंशांना 500 ते 600 मेगापास्कल दाब, दहाएक मिनिटं. इतक्या दाबाला ग्रॅफाइटचा साचा टिकत नाही, टूल स्टीलचा लागतो. तापमापक साच्याच्या भिंतीत असतो आणि भुकटी आत; दोन्हींचं तापमान एकच धरून चालणं हे माझ्या मते सर्वात महागात पडतं. शिवाय काच कधी स्फटिक होते तो आकडा प्रयोगशाळेत मिनिटाला 20 किंवा 40 अंश तापवून काढलेला असतो. साचा त्याहून सावकाश तापतो, म्हणून आत स्फटिक त्या आकड्याच्या आधीच सुरू होतात. मी नेहमी खालच्या बाजूला राहते.

एवढं करूनही ॲल्युमिनियमच्या प्रत्येक कणावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि नुसत्या दाबाने तो नीट फाटत नाही. म्हणून त्याच तापमानाला एक्स्ट्रूजन करायचं, म्हणजे दाबून तयार झालेला तुकडा लहान भोकातून रेटायचा. घासाघाशीत पापुद्रा फाटतो आणि धातूला धातू भिडतो. मला ही पायरी दाबण्याहून महत्त्वाची वाटते.

शेवटी तुकडा पाण्यात तोलून घनता काढायची. वरच्या मिश्रणाची 3.28 च्या आसपास यायला हवी, 3.1 आली तर आत पोकळ्या आहेत. क्ष-किरणांच्या आलेखात ॲल्युमिनियमची टोकं दिसणारच, पण त्यांच्या पायथ्याशी रुंद उंचवटा दिसला तर काच शाबूत आहे. त्या जागी नवी टोकदार शिखरं आली, तर तो तुकडा बाद.

तुमची लेक