रीएंट्री सेंटरमधल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

माझा भाचा जेलमधून सुटलाय, आता प्रोबेशनवर (म्हणजे बाहेर, पण ऑफिसरच्या देखरेखीखाली) आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) रीएंट्री सेंटरमधल्या, म्हणजे जेलमधून सुटलेल्यांना मदत करणाऱ्या केंद्रातल्या, ज्या लोकांनी त्याला हात दिला त्यांची नावंच मला माहीत नाहीत म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

सुटलेल्या माणसाकडे धड आयडी नसतो, आयडी नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून भाड्याने खोली नाही, आणि प्रोबेशन ऑफिसरला मात्र ठरल्या वेळी भेटायलाच लागतं, घरचे नुसते भांबावून जातात हो. काउंटरवरच्या त्या बाईंनी त्याला शेजारी बसवून मेडि-कॅल (सरकारी आरोग्य विमा) आणि कॅलफ्रेशचे (किराण्यासाठी सरकारी मदत) फॉर्म भरून घेतले, एकदाही आवाज चढवला नाही. आणि तो पीअर मेंटॉर, म्हणजे स्वतः जेलमध्ये राहून आलेला मार्गदर्शक, त्याचं पोराने जेवढं ऐकलं तेवढं आमच्यातल्या कुणाचंच ऐकलं नसतं. २०१८ पासून कॅलिफोर्नियात पाच किंवा जास्त माणसं असलेल्या बहुतेक कंपन्यांना नोकरीची ऑफर देण्याआधी गुन्ह्याचं विचारता येत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

२०११ च्या एबी १०९ कायद्याने कमी गंभीर गुन्ह्यांतल्या लोकांची जबाबदारी राज्याकडून काउंट्यांकडे आली, सोबत पैसाही आला, पण तो जेलवर घालायचा की अशा सेवांवर हे बरंचसं काउंटीच ठरवते. इथे तो या लोकांच्या पगारावरही खर्च होतो याचं मला फार बरं वाटतं.

माझ्या बहिणीला इंग्लिश बोलायला संकोच वाटतो, तिच्याकडूनही तुम्हाला खूप खूप थँक्यू.